जव्हार-मोखाड्यातील पालेभाजी : रान, परसबाग आणि स्थलांतर यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

जव्हार या गावाचा उल्लेख पर्यटनविषयक पुस्तिकांतून 'ठाण्याचे महाबळेश्वर' असा केला जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तरी हे बिरुद कायम राहिले. सह्याद्रीच्या पश्चिम उताराचा हा पट्टा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात धुके, हिवाळ्यात पहाटेचा गारठा आणि दाभोसासारखे धबधबे यांमुळे मुंबईकर प्रवाशाला या तुलनेत काही वावगे वाटत नाही. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने हे बिरुद जसेच्या तसे स्वीकारण्यापूर्वी थोडे थांबले पाहिजे. महाबळेश्वरला थंड हवेबरोबर भाजीपाल्याचे मळे आले. जव्हार-मोखाड्याला ते आले नाहीत. येथे नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांची पालेभाजी प्रामुख्याने रानातून व शेताच्या बांधावरून आली. ज्या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने पावलोपावली खाण्याजोगा पाला उगवतो, त्याच प्रदेशाचे नाव कुपोषणाच्या संदर्भात देशभर पोहोचावे, हा विरोधाभास समजून घेण्यासाठी प्रस्तुत निबंधात पालेभाजीच्या इतिहासाचा आधार घेतला आहे.

एक वनस्पती, दोन प्रवास

समशीतोष्ण देशांतील परसबागांत 'स्विस चार्ड' नावाची पालेभाजी मोठ्या प्रमाणावर घेतली जाते. नाव स्वित्झर्लंडचे असले तरी वनस्पतीचे मूळ त्या देशातील नाही. भूमध्य समुद्राच्या व अटलांटिकच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या रानटी बीटपासून ती माणसाने निवडीने घडविली. बीटा व्हल्गॅरिस या एकाच जातीतून चार्ड, लाल बीट, जनावरांचे बीट आणि साखरेचे बीट असे चार प्रकार तयार झाले. ग्रीक आणि रोमन लोक प्रथम या वनस्पतीची पाने खात. मुळाचे महत्त्व नंतर वाढले. बीटमधील साखर ही उसातील साखरच होय, हे मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये दाखविले आणि या कुळाचा आर्थिक इतिहासच बदलला. पानांचा चार्ड मात्र स्वयंपाकघरामागच्या वाफ्यातच राहिला.

थंड हवेत चार्डचे वर्तन लक्षात घेण्यासारखे आहे. वसंतात बी पेरले की उन्हाळा आणि शरद असे दोन्ही ऋतू त्याची बाहेरची पाने तोडता येतात; गाभा शाबूत ठेवला की नवी पाने येत राहतात. हलके हिमतुषार तो सोसतो. तो द्विवर्षायू आहे. हिवाळ्याचे काही आठवडे पुरेशी थंडी लागल्यावरच दुसऱ्या वर्षी त्याला तुरा येतो व बी धरते. ही थंडी मिळाली नाही तर पाने येतात, बी येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला ही माहिती दूरची वाटेल. परंतु बाजारात 'पालक' म्हणून मिळणारी आपली नेहमीची भाजी ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने याच बीटा व्हल्गॅरिसचा भारतीय प्रकार आहे. युरोपात 'स्पिनॅच' या नावाने ओळखली जाणारी भाजी वेगळ्या प्रजातीची असून तिचा प्रसार इराणकडून झाला. 'पालक म्हणजे स्पिनॅच' हे शाळेच्या पुस्तकापासून उपाहारगृहाच्या खाद्यपत्रिकेपर्यंत रूढ झालेले समीकरण त्यामुळे अपुरे ठरते. चार्ड व पालक ही भावंडे असून त्यांच्यातील महत्त्वाचा भेद थंडीच्या गरजेचा आहे. भारतीय पालकाला बी धरण्यासाठी युरोपीय हिवाळा लागत नाही. मैदानी प्रदेशातही तो तुऱ्यावर येतो. शेकडो वर्षे उष्ण प्रदेशातील शेतकऱ्यांनी बी राखताना केलेल्या निवडीचा हा परिणाम होय. 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती' यांसारखे आजचे वाण याच परंपरेतून पुढे आले.

महाबळेश्वरचा मळा

थंड हवेच्या भाज्या पश्चिम भारतात रुजल्या त्या वसाहतकालीन गिरिस्थानांवर. सुमारे १३५० मीटर उंचीचे महाबळेश्वर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८-२९ मध्ये आरोग्यस्थान म्हणून वसविले गेले. तेथे १८३४ च्या सुमारास चिनी कैद्यांसाठी तुरुंग उभारण्यात आला व तो १८६४ मध्ये बंद झाला. बटाटा व विलायती भाज्या पिकविण्याचे तंत्र या कैद्यांकडून स्थानिकांपर्यंत गेल्याची नोंद सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. याचा अर्थ असा की महाबळेश्वरच्या मळ्यामागे केवळ हवामान नव्हते. विकत घेणारा साहेब, बाजारापर्यंतचा रस्ता, कैद्यांचे श्रम आणि बारमाही झरे, या चारही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

जव्हारला यांतील एकही गोष्ट त्या प्रमाणात नव्हती. मुकणे घराण्याचे हे संस्थान चौदाव्या शतकापासूनचे मानले जाते. जयबा मुकणे यांनी त्याचा पाया घातला व त्यांच्या पुत्रास १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून 'निमशाह' हा किताब मिळाला, अशी संस्थानची परंपरा सांगते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत त्याचा आधार जंगल व शेतसारा हाच राहिला. युरोपीय वसाहतीचे गिरिस्थान येथे झाले नाही. त्यामुळे विलायती भाजीला गिऱ्हाईक नव्हते आणि गिऱ्हाईक नसल्याने मळाही नव्हता. अलीकडच्या वर्षांत या पट्ट्यात स्ट्रॉबेरीचे प्रयोग झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी पुन्हा महाबळेश्वरचीच उपमा वापरली. उपमा सोपी असते. नऊशे मीटर उंचीचा फरक तिला दिसत नाही.

रानातील पालेभाजीचे वर्ष

या प्रदेशाची पालेभाजी पाहायची तर पंचांगाबरोबर पाहावी लागते. मृगाच्या आगेमागे, पहिल्या वळिवानंतर, शेवळी जमिनीतून वर येते. सुरणाच्या कुळातील हा कोंब नुसता शिजवला तर घशाला खाजतो. म्हणून तो काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर शिजवितात. जून महिन्यात ठाणे, वसई, दादर येथील पदपथांवर आदिवासी स्त्रिया शेवळीच्या जुड्या व शेजारी काकडाची फळे घेऊन बसलेल्या दिसतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू व पाठारे प्रभू कुटुंबांत या भाजीला मानाचे स्थान आहे. रानातील ज्ञान शहरातील विशिष्ट ज्ञातींच्या पाककृतींपर्यंत कसे पोहोचते, याचा स्वतंत्र अभ्यास होण्याची गरज आहे.

त्यानंतर कोळीची भाजी येते. तिलाच अन्यत्र कुली किंवा फोडशी म्हणतात. गवताच्या पात्यासारखी दिसणारी ही भाजी देवाला दाखविल्याखेरीज न खाण्याची रीत वारली समाजात होती. ही प्रथा केवळ श्रद्धेचा विषय म्हणून पाहणे पुरेसे नाही. पहिल्या पावसात फुटलेला कोंब थोडा वाढू द्यावा, कंद उपटून संपवू नये, असा संयम या रीतीमुळे आपोआप पाळला जात असावा.

आवणीच्या दिवसांत टाकळा, कुरडू, माठ व रानअळू मिळतात. यांतील टाकळा, कुरडू आणि माठ या खऱ्या अर्थाने जंगलातील भाज्याच नाहीत. त्या पडीक जमिनीवर, वाटेच्या कडेला आणि शेतात वाढतात. कृषिशास्त्राच्या पुस्तकात कुरडू हे तण आहे. बेणणी करणाऱ्या बाईच्या ओटीत तेच कालवण होते. शेताची निगा आणि घरची भाजी ही दोन्ही कामे एकाच वेळी, त्याच हातांनी होत. तणनाशकाची फवारणी आल्यावर यांतील एक काम राहिले आणि दुसरे गेले. हा बदल पीकउत्पादनाच्या आकडेवारीत दिसत नाही.

श्रावणभाद्रपदात कंटोळी, बांबूचे कोवळे वास्ते आणि चाईचा मोहोर मिळतो. पावसाळा संपला की पानांची जागा कंद घेतात. कडूकंद हा नावाप्रमाणे कडू आहे. तो चकत्या करून, राखेबरोबर उकळून व वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाण्यायोग्य होतो. म्हणजे कार्तिकानंतरच्या अन्नासाठी श्रम, सरपण आणि पाणी या तिन्ही गोष्टी वाढत्या प्रमाणात लागतात. चैत्रात मोहाची फुले आणि शेवग्याचा पाला हाताशी येतो. या संपूर्ण चक्रात एक पोकळी ठळकपणे जाणवते. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, ज्या काळात हवा सर्वांत थंड असते त्याच काळात, रानात हिरवा पाला सर्वांत कमी असतो.

दोन सत्ता, एक डोंगर

१८८२ मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या तेराव्या खंडात ठाणे जिल्ह्याचे विस्तृत वर्णन आहे. मोखाडा तेव्हा शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून ब्रिटिश मुलखात होता, तर जव्हार संस्थानी मुलखात. डोंगर एक, भाज्या त्याच, माणसेही नात्यागोत्याची. कायदे मात्र वेगळे. १८७८ च्या जंगल कायद्याने ब्रिटिश मुलखात राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्यातून इतका असंतोष निर्माण झाला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. आयोगापुढील मुख्य प्रश्न राबाचा होता. भात व नाचणीच्या रोपवाटिकेसाठी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून जमीन भाजण्याची ही पद्धत. तिच्यासाठी टहाळ तोडण्याचा हक्क शेतकऱ्यांना हवा होता आणि इमारती लाकूड वाढविणाऱ्या वनखात्याला तो नको होता.

राबावर मोठा वाद झाला, कारण राबाचा संबंध भाताशी व भाताचा सरकारी साऱ्याशी होता. शेवळी, कोळी, कडूकंद यांच्याबाबत असा वाद झाला नाही. त्यांच्यावर सारा नव्हता, त्या गोळा करणाऱ्या स्त्रिया अर्जदार नव्हत्या आणि मूठभर पाल्याला व्यापारी किंमत नव्हती. जे कराच्या नोंदवहीत येत नाही ते हक्काच्या नोंदवहीतही येत नाही, या नियमाला जव्हार-मोखाडा अपवाद ठरला नाही. रानातील कंदमुळांना कायद्याच्या भाषेत स्थान मिळण्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. गौण वनोपजाच्या त्यातील व्याख्येत बांबू, मध, तेंदूपाने यांच्याबरोबर औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मध्ये जवळजवळ सव्वाशे वर्षे गेली.

भुकेचा हंगाम

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंमुळे हा प्रदेश राज्याच्या राजकारणात चर्चेत आला. २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील खोच येथील घटनेने तोच प्रश्न पुन्हा उभा केला. दोन्ही वेळा शहरी चर्चेत एक युक्तिवाद ऐकू आला : रानात एवढ्या भाज्या असताना मुले उपाशी कशी राहतात? हा प्रश्न अज्ञानातून आलेला असला तरी त्याचे उत्तर देणे आवश्यक आहे.

शंभर ग्रॅम पालकातून शरीराला साधारण २५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे एक हजार किलोकॅलरी लागतात. केवळ पाल्यातून ही गरज भागवायची तर मुलाने चार किलो पाला खाल्ला पाहिजे, जे अशक्य आहे. पालेभाजीतून लोह, चुना, फोलेट व 'अ' जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य मिळते. परंतु ते पूर्वद्रव्य शोषले जाण्यास आहारात थोडे तेल-तूप लागते. पालक आणि चार्ड या दोहोंत ऑक्झॅलेटचे प्रमाणही बरेच असल्याने त्यांतील चुना व लोह पूर्णपणे अंगी लागत नाही. दुसरीकडे, श्रावण-भाद्रपद हा काळ म्हणजे मागील वर्षीची नाचणी-वरई संपलेली आणि नवे पीक उभे, असा भुकेचा काळ. पावसाळ्यातील ही उपासमार टाळण्यासाठी राज्याने १९७८ पासून आदिवासी कुटुंबांसाठी खावटी कर्जाची योजना सुरू केली, यावरून तिची तीव्रता लक्षात येते. म्हणजे पाला भरपूर असण्याचा काळ आणि धान्य नसण्याचा काळ एकच आहे. ताटात हिरवे दिसते, पण त्याच्याखाली भाकर नसते.

ही बाब लक्षात घेतली तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचे वेगळेपण कळते. गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ भाकरी वा पोळी, भात, डाळ, भाजी व तेल असलेला शिजवलेला चौरस आहार, तसेच लहान मुलांना अंडी किंवा केळी, अशी तिची मांडणी आहे. पालेभाजीला येथे धान्य, डाळ व स्निग्ध पदार्थ यांच्या शेजारी बसविले आहे. एकटे पाडलेले नाही.

परसबागेची कल्पना आणि तिचा ऋतू

परसबाग हा कुपोषणावरील नवा उपाय नाही. युनिसेफ व अन्न आणि कृषी संघटना यांच्या साहाय्याने १९६० च्या दशकात भारतात राबविलेल्या व्यावहारिक पोषण कार्यक्रमातही घरोघरी भाजीचे वाफे करण्यावर भर होता. जिल्ह्याच्या सपाट भागात कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कृषी संस्थेने आदिवासी शेतीचे प्रयोग केले व १९७६ मध्ये तेथे कृषी विज्ञान केंद्र उभे राहिले. जव्हार परिसरात बायफ संस्थेने 'वाडी' पद्धतीने आंबा, काजू व पुढे मोगऱ्याची लागवड रुजविली. अलीकडे 'उमेद' अभियानातून 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम राबविण्यात आली.

या सर्व प्रयत्नांचे मोल मान्य करूनही एक प्रश्न उरतो, तो ऋतूचा. बियाणे-वाटप बहुधा पावसाच्या तोंडावर होते. दुधी, दोडका, काकडी यांसारख्या वेलींसाठी ते योग्यच आहे. पालेभाजीचे मात्र तसे नाही. अडीच ते तीन हजार मिलिमीटर पावसात पालकाचा वाफा कुजतो आणि त्याच वेळी बांधावर टाकळा-कुरडू फुकट उभे असतात. पालक व त्याचे भावंड चार्ड यांना या पठारावर मानवणारा काळ कार्तिक ते माघ हाच होय. समशीतोष्ण देशात ज्या हवेत चार्ड उन्हाळाभर वाढतो, तिच्याशी जव्हारचा हिवाळाच काय तो थोडाफार जुळतो. रानातील पाल्याची पोकळीही याच महिन्यांत आहे. हवामान आणि गरज यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

परंतु याच महिन्यांत घराला कुलूप असते. दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. काही शिमग्याला येऊन पुन्हा जातात. बाकीची आगोटीच्या सुमारास परततात. परसबागेचे प्रशिक्षण घेतलेली आई व अंगणवाडीत नाव असलेले मूल हे दोघेही थंडीच्या दिवसांत भट्टीवर असतात. पिकाचा ऋतू आणि घरात माणूस असण्याचा ऋतू यांची फारकत हे या प्रदेशातील परसबागेच्या अपयशाचे एक प्रमुख कारण मानले पाहिजे. 'आदिवासींना भाजी लावण्याची सवय नाही' हे नेहमीचे स्पष्टीकरण त्या मानाने फारच वरवरचे आहे.

पाण्याची दिशा

स्थलांतराच्या मुळाशी पाणी आहे. एवढा पाऊस होऊनही काळ्या कातळावरचा मातीचा थर पातळ असल्याने पाणी मुरत नाही. ते दऱ्यांतून वैतरणा, पिंजाळ या नद्यांना मिळते. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे बांधलेले १०० मीटरहून अधिक उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये कार्यान्वित झाले आणि त्यातून मुंबईला रोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मिळू लागले. त्यापूर्वी, १९५७ मध्ये, याच नदीवर मोडकसागर पूर्ण झाला होता. ज्या तालुक्यातून हे पाणी जाते त्याच तालुक्यातील पाड्यांना फाल्गुन-चैत्रात टँकरची वाट पाहावी लागते, ही वस्तुस्थिती दरवर्षी वृत्तपत्रांत येते. महाबळेश्वरच्या मळ्याला झरा मिळाला होता. येथील परसाला हंडाभर धुणेभांड्याचे पाणी मिळाले तरी पुष्कळ.

तरीही तेवढ्या पाण्यावर वाफा जगू शकतो. दोन-तीन हात लांबीच्या वाफ्यातील पालकाला भांडी घासलेले पाणी पुरते आणि पाने खुडून घेतल्यास तो अनेकदा नव्याने फुटतो. येथे चार्ड आणि पालक यांतील निवडही केवळ चवीची राहत नाही. चार्डची पाने मोठी व जाड असली तरी जव्हारच्या हिवाळ्यात त्याला बी धरण्याइतकी थंडी मिळत नाही. त्याचे बियाणे दरवर्षी बाहेरून विकत आणावे लागेल. पालक फाल्गुनाच्या आसपास तुऱ्यावर येतो, माठ तर आपोआप बी सांडतो, आणि अंबाडीचे बी राखण्याची पद्धत घरोघरी आहे. भात, नाचणी व वरईचे गावठी वाण जव्हार परिसरातील बियाणे बँकेत जतन करण्याचे काम बायफने केले असून २०१४ नंतर महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पातून त्याला बळ मिळाले. पालेभाज्यांच्या बियाण्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. २०२० पासून कृषी विभागातर्फे ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने रानभाजी महोत्सव भरविले जातात. त्यांत पाककृती मांडल्या जातात, बियाणे क्वचितच.

हिवाळ्यात पाड्यावर कोण उरते, हाही नोंदीचा विषय आहे. जोडपी भट्टीवर गेल्यावर मागे म्हाताऱ्या आज्या, आजोबा आणि त्यांच्या स्वाधीन केलेली शाळकरी नातवंडे राहतात. कोळी कोणती व तिच्यासारखे दिसणारे गवत कोणते, कडूकंद किती वेळा उकळायचा, माठाचे बी कोणत्या रोपावर राखायचे, हे याच आज्यांना माहीत असते. पोषणविषयक योजनांच्या लाभार्थी याद्यांत गरोदर माता, स्तनदा माता, सहा वर्षांखालील मूल व किशोरवयीन मुलगी असे रकाने आहेत. थंडीच्या चार महिन्यांत चूल आणि परस ज्या आजीच्या हाती असतो, तिच्यासाठी त्या याद्यांत रकाना नाही.